कपाट उभं राहिलं, पण भिंतीला बांधलंय का?

(सोसायटीचा ग्रुप, मुलुंड पूर्व. शनिवार रात्र ते सोमवार संध्याकाळ)

बी-५०२ : नमस्कार. एवढ्या रात्री मेसेज करतेय, माफ करा. ऑफिसच्या फायली आणि प्रिंटरसाठी कपाट मागवलंय, सुटे भाग येतात आणि आपण जोडायचं, तसलं. ८० सेंमी रुंद, १८० सेंमी उंच, खाली ३ ड्रॉवर, वर दाराआड फळ्या. संध्याकाळी ६ पासून जोडतेय. फळ्या एकमेकींना आवळायचे ते गोल लॉक फिरवते पण पकडतच नाहीत, फळ्यांमध्ये नखभर फट राहते. कोणी जोडलंय का असं?

सी-३०३ : कंपनीचा माणूस बोलव ना.

बी-५०२ : विचारलं ताई. गुरुवारी येईल म्हणतात. सोमवारी सकाळी माझं काम सुरू होतंय आणि सगळ्या फळ्या पलंगावर पसरल्यात.

ए-१०१ : अगं, लॉकवर एक बारीक बाण असतो. लॉक भोकात बसवताना तो बाण फळीच्या कडेकडे, जिथून पिन आत येते तिकडे हवा. मग फळ्या एकमेकींत दाबायच्या आणि त्यानंतरच लॉक उजवीकडे साधारण अर्धा फेरा. बाण भलतीकडे असेल तर पिनेचं डोकं लॉकच्या तोंडात शिरतच नाही, कितीही फिरव.

ए-१०१ : आणि पिना बघ. त्या गळ्यापर्यंत बसल्यात का? एखादी दोन आटे वर राहिली तरी फट राहणार.

बी-५०२ : दोन पिना वरच होत्या काका! मला वाटलं तेवढ्याच जातात. आणि एक लॉक उलटं होतं.

बी-५०२ : बसलं. फट गेली. 🙏

ए-१०१ : शाब्बास. फक्त ड्रिल मशीनने काही आवळू नकोस. हे पार्टिकल बोर्ड आहे, म्हणजे लाकडाचा भुसा सरसात दाबलेला. मशीनचा एक झटका आणि आटे भुगा होऊन बाहेर. हातानेच, आणि हाताला अडकलं की थांबायचं.

बी-५०२ : एक भोक आधीच सैल झालंय. स्क्रू नुसता गरगर फिरतो.

ए-१०१ : भोकात फेविकॉल सोड, माचिसच्या काड्या गुल काढून ठासून भर, रात्रभर वाळू दे. सकाळी कड सपाट कापून परत स्क्रू लाव. धरेल.

ए-१०१ : मागची पातळ पाठ लावलीस का?

बी-५०२ : नाही. खिळे मारायचेत. आता मारू का?

बी-४०२ : वहिनी, आता रात्रीचे सव्वाअकरा, प्लीज उद्या. आमच्या बरोब्बर डोक्यावर आहे ती खोली.

बी-५०२ : हो हो, उद्याच.

ए-१०१ : बरंच झालं. पाठीआधी एक काम आहे. टेप घे आणि कपाटाचे दोन्ही कर्ण मोज, वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, मग दुसरी बाजू. ८० बाय १८० ला १९७ च्या आसपास येईल. आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, पण दोन्ही सारखे हवेत. जो कर्ण मोठा, त्याचे कोपरे आत दाबून चौकट काटकोनात आणायची आणि तशीच धरून पाठीला खिळे मारायचे. ती पाठ दिसायला पुठ्ठ्यासारखी असते, पण कपाट काटकोनात तीच धरते. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपला ३१ वर्षं डब्यांची दारं बसवली मी. चौकट तिरकी असेल तर दाराला कितीही बिजागऱ्या बदला, ते घासणारच. लोक शेवटी दाराला दोष देतात.

रविवार

बी-५०२ : काका, एक १९७.५ आणि एक १९६ होता. दाबून सारखे केले, मग खिळे मारले. दार एका बोटाने लागतंय! कपाट उभं केलं. फोटो टाकतेय.

सी-३०३ : सुंदर! पण थेट लादीवर ठेवलंयस?

बी-५०२ : हो, का?

सी-३०३ : अगं, काढ आधी. आमचं तसंच ठेवलं होतं. रोज लादी पुसताना फडक्याचं पाणी खालच्या कडेला लागायचं. बाहेरून पांढरी पट्टी असते, पण खालची कड कच्चीच असते ना. पहिला पावसाळा गेला आणि खालची फळी दोन बोटं पापडासारखी फुगली, पट्टी सुटली, वर बोटाने दाबलं की भुसा पडायचा. फुगलेलं परत कधी बसत नाही. सतरा हजार गेले. आता मी सगळ्यांना सांगते, कंटाळले तरी सांगते.

ए-१०१ : अगदी बरोबर. खालच्या कच्च्या कडांना वॉर्निशचे दोन हात मार आणि खाली इंचभर उंचीचे रबरी बुश लाव, हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. लादी उतरती असेल तर त्याच जागी पॅकिंग देऊन लेव्हलही करता येईल. आपल्या हवेत जुलै-ऑगस्टला कपडे वाळत नाहीत, तिथे भुशाची फळी कशी कोरडी राहणार?

बी-४०२ : मी रात्री आवाजासाठी टोकलं, पण खरं सांगायचं होतं ते राहिलं. वहिनी, कपाट भिंतीला बांधलंय का?

बी-५०२ : नाही हो. पिशवीत दोन एल पट्ट्या आल्यात, पण कपाट चांगलं जड आहे, हलत नाही.

बी-४०२ : आमचंही जड होतं. दोन वर्षांपूर्वी मुलगा ४ वर्षांचा असताना खालचा ड्रॉवर उघडून त्यावर उभा राहिला, वरच्या ड्रॉवरमधले रंग काढायला. मी स्वयंपाकघरात होते. आवाज आला. ५ ड्रॉवरचं कपाट पुढे आलं आणि पलंगाच्या कडेवर अडकलं, म्हणून तो खालच्या फटीत वाचला. पलंगाच्या लाकडाला पडलेला खळगा अजून आहे, मी तो भरून घेतला नाही. तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे. कृपा करून बांधा.

सेक्रेटरी : हे महत्त्वाचं आहे. ड्रॉवर उघडले की वजन पुढे येतं, आणि मूल चढलं की तो भार अगदी टोकाला. अमेरिकेत २०१६ साली एका मोठ्या कंपनीला ड्रॉवरची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवावी लागली, मुलं दगावल्यानंतर. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथे त्यावर कायदाच झाला, ६० पौंडांपर्यंतच्या (साधारण २७ किलो) मुलाचा भार धरून कपाट तपासायचं. आपल्याकडे मात्र ती पट्टी पिशवीतच राहते.

बी-५०२ : वाचून हातपाय गार पडले. आजच करते. ड्रिल कोणाकडे आहे?

सेक्रेटरी : रविवारी ड्रिलला परवानगी नाही ताई, नियम सगळ्यांना सारखा. उद्या १० ते १ किंवा ४ ते ६.

बी-५०१ : मी लिहिते मध्ये. ती भिंत माझ्या पलंगाच्या डोक्याशी आहे. हॉस्पिटलला रात्रपाळी आहे, सकाळी ९ ला येऊन झोपते. ४ नंतर केलं तर फार बरं होईल. ४ नंतर खुशाल करा, मी जागी असते.

बी-५०२ : नक्की ४ नंतर, ताई.

ए-१०१ : मी येतो ४ ला ड्रिल घेऊन. तोवर ड्रॉवर बाहेर काढून ठेव, कपाट रिकामं ठेव आणि त्या खोलीला बाहेरून कडी लाव. भिंत कसली आहे ते भोक पाडल्यावर कळेल. लाल भुकटी पडली तर वीट, साधी गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकायची प्लास्टिकची खुंटी) चालते. करडी आणि कडक लागली तर काँक्रीट, तिथे हॅमर ड्रिल लागतं. पांढरट, मऊ, खडूसारखी पडली तर हलके ब्लॉक. त्यात साधी गिट्टी निसटते, त्यांच्यासाठीची लांब नायलॉनची येते. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते.

बी-५०२ : भिंतीच्या पायथ्याला स्कर्टिंगची पट्टी आहे, त्यामुळे कपाट भिंतीपासून बोटभर पुढे राहतंय. पट्टी पोचेल का?

ए-१०१ : मध्ये तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा घालू, म्हणजे पट्टी वाकणार नाही. ठोकळा माझ्याकडे आहे.

सोमवार

बी-५०२ : झालं! भिंत विटेची निघाली, लाल भुकटी. ८ मिमीचा ड्रिल बिट, दोन गिट्ट्या, दोन पट्ट्या, मधे ठोकळा. काकांनी सगळे ड्रॉवर उघडायला लावले आणि खालच्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. जागचं हललं नाही. जड फायली खाली, हलक्या वर. बुशही लावले. बी-५०१ ताई, आवाज फार झाला का?

बी-५०१ : चहाच पीत होते. दहा मिनिटांत संपलं. सांगून केलंत, बरं वाटलं.

बी-४०२ : 🙏🙏 आज शांत झोप लागेल मला.

सी-३०३ : काका, ड्रिल आणि ८ चा बिट उद्या ४ ला मिळेल का? नवीन कपाट बुशवर ठेवलंय, पण बांधलेलं नाही. नातू येतोय शनिवारी.

ए-१०१ : मिळेल. आधी स्विचबोर्ड कुठे आहे त्याचा फोटो पाठव.