मदत हवी आहे: बोडनंटची पिवळी कमान २३ तारखेला फुललेली असेल का?

केतकीचंपान:
नमस्कार मंडळी, जरा पटकन उत्तर हवंय, आज रात्री हॉटेल बुक नाही केलं तर नंतर मिळणार नाही असं दिसतंय. आईबाबांना वेल्समधल्या बोडनंट बागेत न्यायचंय. आईला तिथली ती लॅबर्नम झाडांच्या पिवळ्या घोसांची कमान बघायची आहे, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल म्हणते. २३ ला फुललेली असेल का? जिथे वाचावं तिथे 'मे अखेर ते जूनची सुरुवात' एवढंच लिहिलेलं असतं, त्यावरून माणसाने तारीख कशी ठरवायची? आणि बाबांना तिथे कितपत झेपेल तेही सांगा. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनीच सांगा प्लीज, गूगल मी पण केलंय.

रानवाट:
२३ मे का? कुठून निघणार, लंडनहून की जवळपास राहता? गाडी आहे का? आणि बाबांना झेपेल म्हणजे नक्की काय होतंय त्यांना, दम लागतो की पाय? तिथे दोन्हीचं उत्तर वेगळं आहे म्हणून विचारतेय.

निळी_छत्री:
वेल्सपर्यंत कशाला जाताय, क्यू गार्डनला न्या. ट्यूबने जाता येतं, काचघरं आहेत, पाऊस आला तरी दिवस वाया जात नाही. माझ्या सासूसासऱ्यांना खूप आवडलं होतं.

केतकीचंपान:
मे च हो. आम्ही मँचेस्टरला असतो त्यामुळे क्यू साठी लंडन गाठणं आम्हालाच लांब पडेल. बाबांचे गुडघे, सपाटीवर ठीक चालतात, पायऱ्या उतरताना त्रास होतो. आता सांगा.

चेशायरकर:
मँचेस्टरला राहून बोडनंट?? ताई, टॅटन पार्क बघा की आधी, नट्सफर्डला, तुमच्यापासून कितीसं लांब आहे. जपानी बाग आहे १९१० च्या सुमाराची, इटालियन बाग जोसेफ पॅक्स्टनच्या आराखड्याची, भाज्याफळांची भिंतीआडची बाग आहे, हरणं आहेत, आणि बरंचसं सपाट. आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथेच नेतो आणि एकही जण नाराज होऊन आलेला नाही. फक्त नॅशनल ट्रस्टचं (अशा जुन्या बागा-वाडे जपणारी संस्था) कार्ड असलं तरी गाडीचे पैसे वेगळे पडतात हे लक्षात ठेवा.

रानवाट:
@चेशायरकर टॅटन सुंदरच आहे पण त्यांच्या आईला कमान बघायची आहे ना, मग टॅटनचं काय करायचं त्यांनी?

केतकी, मी बोडनंटला बऱ्याचदा गेलेय, वेगवेगळ्या ऋतूंत. कमानीचं म्हणशील तर सगळं वसंतावर आहे. मार्च-एप्रिल उबदार गेला तर मे च्या तिसऱ्या आठवड्यातच पिवळी धमक होते, गारठा लांबला तर जूनचा पहिला आठवडा उजाडतो. २३ ला बहुतेक सुरुवात झालेली असते, पण सगळे घोस पूर्ण लांब सुटलेले असतील असं नाही. कमान तब्बल ५५ मीटर लांब आहे, उन्हातली बाजू आधी फुलते, सावलीतली मागून येते, त्यामुळे अगदी निराश होऊन परत याल असं वाटत नाही. पण हातात २३ च आहे की मागेपुढे करता येईल? आईबाबा परत कधी जाणार?

आम्रपाली:
लॅबर्नम म्हणजे आपला बहावाच ना? मग इकडेच थांबायचं की, एप्रिल-मे मध्ये पुण्यात किती तरी रस्ते पिवळे होतात. आमच्याकडे बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो असं आजी सांगायची. आणि त्याच्या शेंगांतला गर पोट साफ व्हायला देतात, अजूनही गावाकडे जपून ठेवतात. आईंना सांगा तिथल्या दोन शेंगा आणायला 🙂

वनस्पतीवेडा:
@आम्रपाली कृपा करून असं लिहू नका, कोणीतरी खरंच आणेल. दोन्ही झाडं शेंगांच्या कुळातली आहेत आणि लोंबणारे पिवळे घोस सारखे दिसतात, साम्य तिथे संपतं. बहावा वेगळा, आयुर्वेदातला आरग्वध तो. लॅबर्नम विषारी आहे, सगळं झाड, आणि बिया सर्वात जास्त, सायटिसिन नावाचं द्रव्य असतं त्यात. इकडे लहान मुलांनी शेंगा तोंडात घातल्या की सरळ दवाखान्यात नेतात. बघायचं, खालून चालायचं, फोटो काढायचे, पण तोडायचं काही नाही. बरोबर लहान मूल असेल तर जास्तच लक्ष द्या.

आम्रपाली:
अरे बापरे, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

केतकीचंपान:
आई साताऱ्याला शाळेत जीवशास्त्र शिकवायची, तिने आल्या आल्या हेच सांगितलं की दोन्ही झाडं वेगळी आहेत, म्हणून तर तिला शेजारी उभं राहून बघायचंय. परतीचं विमान ३० ला, शनिवारी. मूल बरोबर आहे, सहा वर्षांचा मुलगा. नवऱ्याला २३ लाच सुट्टी आहे, गाडी तोच चालवतो, मी चालवत नाही.

भटकभवानी:
अगं हे सगळं आधी लिहायचं ना! २३ मे म्हणजे बँक हॉलिडेचा, सोमवारच्या सरकारी सुट्टीला जोडून आलेला शनिवार. ए५५ वर, म्हणजे तिकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, त्या दिवशी इंग्लंडचा अख्खा नॉर्थवेस्ट समुद्राकडे निघालेला असतो. एरवी मँचेस्टरहून पावणेदोन तास धरतात, त्या दिवशी तीन लागले तरी नवल नाही, आणि मागे गुडघे दुखणारे बाबा आणि सहा वर्षांचा मुलगा. मी तर म्हणते अजिबात नको.

चेशायरकर:
म्हणूनच टॅटन म्हणत होतो. किंवा डनम मॅसीची बाग, ती तर आणखी जवळ.

भटकभवानी:
दादा, टॅटनची कमान आहे का पिवळी? नाही ना?

रानवाट:
भांडू नका. केतकी, मधल्या वारी जमेल का? २५ ला सोमवारी सुट्टी आहे, त्यानंतरचा आठवडा शाळांच्या हाफ टर्मचा, सत्राच्या मधल्या सुट्टीचा, म्हणजे गर्दी असेलच पण शनिवारसारखी नाही. २७ किंवा २८ ला गेलात तर कमान २३ पेक्षा चार-पाच दिवस पुढे गेलेली असेल, याच दिवसांत घोस झपाट्याने लांब होतात. गाडी नसली तरी अडत नाही, मँचेस्टरहून लॅन्डडनो जंक्शनला थेट गाड्या आहेत, तिथून टॅक्सी. फक्त टॅक्सी आधी सांगून ठेव, जायची आणि यायची दोन्ही. आयत्या वेळी स्टेशनवर मिळेल या भरवशावर वयस्कर माणसांना नेऊ नये.

आता बाबांचं. बोडनंट म्हणजे दोन बागा आहेत असं समज. वरती घराजवळची आखीवरेखीव बाग, पाच मोठे टप्पे उतरत जातात, गुलाब, कमळांचं तळं, त्याच्या दोन बाजूंना सीडरची दोन प्रचंड झाडं, आणि सगळ्यात खाली लांब पाण्याचा कालवा आणि त्याच्या टोकाला पिन मिल नावाची अठराव्या शतकातली पांढरी इमारत. ती मूळ ग्लॉस्टरशायरमधली, एके काळी तिथे टाचण्या बनायच्या, १९३८ मध्ये सुटी करून इकडे आणून उभी केली. हे टप्पे उतरायला पायऱ्या आहेत, बाबांनी वरच्याच टप्प्यावर बसावं, समोर स्नोडोनियाचे डोंगर दिसतात, तेवढ्यानेही पोट भरतं. दुसरी बाग म्हणजे द डेल, खोल दरीतली रानबाग, ओढा, धबधबा, अमेरिकेतले उंचच उंच रेडवूड. तिथे उतार तीव्र आहेत, बाबांना नको.

आणि कमान ना वर आहे ना खाली दरीत, ती प्रवेशाच्या जवळच आहे. तेव्हा ज्यासाठी येताय ते बाबांना विनात्रास बघता येईल. व्हीलचेअर मिळते का, कुठला रस्ता पायऱ्यांशिवायचा आहे हे आधी फोन करून विचारून ठेव. बाबा नको म्हणतील, तरी विचार.

केतकीचंपान:
रानवाट, हेच हवं होतं मला! प्रवेशाजवळ आहे हे कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. २७ बघते, ऑफिसला विचारते.

पाऊलवाट_कोल्हापूर:
डेल चुकवू नका असं मी सांगेन, बाबा वर बसतील, तुम्ही आईला घेऊन उतरा. आम्ही गेलो होतो तेव्हा ऱ्होडोडेंड्रॉन अजून होते, झाडांखाली पाकळ्यांचा सडा. यातली कितीतरी झाडं हिमालयातून आणि चीनमधून आलेल्या बियांची आहेत. बागेच्या मालकांनी जॉर्ज फॉरेस्ट, किंगडन वॉर्ड अशा झाडं शोधत फिरणाऱ्या लोकांच्या मोहिमांना पैसे पुरवले, आणि त्या बदल्यात बिया मिळवल्या. वनस्पती शिकवलेल्या बाईंना हे आवडेल. उत्तराखंडचा बुरांश, निलगिरीतला ऱ्होडोडेंड्रॉन, सगळे एकाच घरातले.

हिरवा_डोंगर:
ऱ्होडोडेंड्रॉनचं कौतुक ऐकून मला राहवत नाही. स्नोडोनियात राहून बघा, ऱ्होडोडेंड्रॉनने डोंगरच्या डोंगर गिळलेत, खाली गवताचं पातं उगवत नाही. आम्ही वीकेंडला ते उपटायला स्वयंसेवक म्हणून जातो. अशाच बड्या लोकांच्या बागांनी हे घोंगडं इथे आणलं.

वनस्पतीवेडा:
ते पोंटिकम. एकच जात, आणि तीही हिमालयातली नाही, पलीकडे तुर्कस्तान-स्पेनकडची. ती पसरते म्हणून शेकडो जातींना दोष देऊ नका.

हिरवा_डोंगर:
जात एक असो, आणली कोणी हा मुद्दा आहे. शिकारीच्या पक्ष्यांना आडोसा म्हणून मैलोनमैल लावली, बागेत एक रोप लावणं वेगळं.

वनस्पतीवेडा:
मग तो राग शिकारीच्या जमीनमालकांवर काढा ना, केतकीच्या आईवर कशाला 😅

पाऊलवाट_कोल्हापूर:
आणि आर्वेन वादळाचं कोणी बोललंच नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत डेलमधली ५० च्या आसपास झाडं पडली, त्यात ५१ मीटर उंचीचा रेडवूडही. पूर्वी गेलेल्यांना तिथे गेलं की मोकळं मोकळं वाटेल, फोटो बघून अपेक्षा ठेवू नका.

खादाडी:
खायचं काय? आमच्याकडे वयस्कर मंडळी बाहेरचं खात नाहीत. तिथे चहाचं ठिकाण आहे, स्कोन वगैरे मिळतात, पण दुपारचं जेवण म्हणून आम्ही मेथीचे ठेपले आणि गोड लिंबाचं लोणचं नेतो, कुठेही चालतं. बसून खायला कुठे परवानगी आहे ते फाटकावर विचारा. आणि जवळच कॉन्वे आहे, किल्ला बघून या, १२८३ ला एडवर्ड पहिल्याने बांधायला घेतला, अजून भिंती ताठ उभ्या आहेत.

भटकभवानी:
किल्ल्यात गोल जिने आहेत, बाबांच्या गुडघ्यांचं आत्ताच बोललो ना!

खादाडी:
बाबा खाली बंदरावर बसतील, मुलाला किल्ला आवडेल.

केतकीचंपान:
ऑफिसने २७ दिली! नवऱ्याला रजा नाही, तेव्हा ट्रेन. दुपारी बाबांना दम खाऊन आरामात परत यायचंय म्हणून मुक्काम करावा म्हणतेय, कॉन्वेत एक रात्र. सकाळी उघडताच पोचणं बरं की दुपारी?

रानवाट:
उघडताच. कमानीखाली तेव्हाच शांतपणे उभं राहता येतं, अकरानंतर रांग लागते आणि आईला झाडाखाली निवांत वेळ मिळणार नाही. म्हणजे २६ ला संध्याकाळीच कॉन्वेत पोचा, २७ च्या सकाळची टॅक्सी आजच सांगून ठेव. आणि आदल्या आठवड्यात बागेच्या फेसबुक पानावर कमानीचे ताजे फोटो येतात, ते बघत राहा. पाऊस असला तरी जा, ओल्या घोसांचा रंग आणखी गडद दिसतो. बाबांना न घसरणारे बूट घाल.

केतकीचंपान:
२६ ची खोली केली बुक, तळमजल्यावरची मिळाली. टॅक्सीला फोन लावतेय. बाबा म्हणतायत व्हीलचेअर नको, आई म्हणतेय विचार तरी, विचारतेच आहे.

निळी_छत्री:
छान. एक वेगळंच विचारते, आईबाबांचा प्रवास विमा भारतातूनच काढलात का? माझे सासरे सप्टेंबरात येणार आहेत, गुडघ्याचं आधीपासूनचं दुखणं असलं की कोण देतं?