शब्दचर्चा: रानची रेचेल झाली, याला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

भाचीमुळे 'डिटेक्टिव्ह कोनान' ही जपानी गुप्तहेर-चित्रकथा (मंगा) वाचायला घेतली. ती जपानी आवाजात सबटायटल लावून बघते, मी इंग्रजी खंड वाचते, आणि आमचं एकमेकींना काही कळत नाही. तिची रान मोरी म्हणजे माझी रेचेल मूर. तिचा शिनिची कुडो माझ्याकडे जिमी कुडो. मालिकेचं नावसुद्धा इंग्रजीत 'केस क्लोज्ड'! या प्रकाराला मराठीत नेमका शब्द कोणता? 'नामांतर' म्हणवत नाही, तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे मराठवाडा विद्यापीठच येतं. 'लिप्यंतर'ही वाटत नाही.

प्रतिसाद १

लिप्यंतर नाहीच. लिप्यंतराचं उदाहरण हवं तर 'वन पीस' या दुसऱ्या मंगातला झोरो घ्या. जपानीत र आणि ल असे दोन वेगळे वर्ण नाहीत, त्यामुळे इंग्रजी मंगात तो 'झोलो'ही चालून गेला. माणूस तोच, अक्षराचा काय तो वाद. (मराठीत 'झोरो'च बरा, झोलो म्हटलं की झोल आठवतो.)

कोनानमधली गंमत वेगळी आहे. तिथली मूळ नावंच उसनी आहेत. गोष्टीत विषामुळे लहान मुलगा झालेल्या शिनिचीला नाव विचारतात तेव्हा त्याच्या पाठीमागे पुस्तकांचं कपाट असतं. आर्थर कॉनन डॉयलमधला कोनान आणि एदोगावा रानपो या जपानी रहस्यकथालेखकामधला एदोगावा जोडून तो वेळ मारून नेतो. रानपो हेही टोपणनावच, एडगर ॲलन पो जपानी जिभेवर घोळवून केलेलं! इन्स्पेक्टर मेगुरे म्हणजे फ्रेंच कादंबऱ्यांतला मेग्रे. डॉ. आगासा म्हणजे अगाथा. रानचे वडील कोगोरो मोरी, त्यातला मोरी आला आर्सेन ल्युपँच्या गोष्टी लिहिणाऱ्या मोरिस लब्लाँकडून आणि कोगोरो आला रानपोच्याच आकेची कोगोरो या गुप्तहेराकडून.

आता इंग्रजीवाल्यांनी काय केलं बघा. मोरीचा मूर, मेगुरेचा मेग्वायर. ध्वनी धरून ठेवला, पण मेग्वायरमध्ये मेग्रे कोणाला दिसणार? मी याला 'रूपांतर' म्हणेन. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला, त्याच घराण्यातलं हे काम. फरक एवढाच की देवलांनी सगळी गोष्टच इकडे आणली. इथे रेचेल मूर राहते मात्र तोक्योतच आणि कराटे खेळते. हे अर्धवट वाटतं मला.

प्रतिसाद २

मराठीत कोणी हे करायला घेतलं तर पहिली पंचाईत मोरीचीच. 'कोगोरो मोरी' छापलं की आपल्याकडे हसतील, मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. 'मोउरी' लिहावं लागेल. नाहीतर सरळ 'मोरे' करा! इंग्रजीतल्या मूरपेक्षा मोरे मूळ उच्चाराच्या जवळ आहे.

दुसरी पंचाईत कोनानमधलीच हाइबारा आइ. तिचं पहिलं नाव 'आई' लिहिलंत तर संपलंच. आणि तिच्या नावात तर खरा अर्थ भरलाय. 'हाइ' म्हणजे राख. राखाडी रंगाच्या शब्दातही तोच, म्हणून कॉर्डेलिया ग्रे या गुप्तहेरेशी नातं. 'आइ'साठी आगासा सुचवतात ते अक्षर 'प्रेम' या अर्थाचं, ती निवडते ते 'दुःख' या अर्थाचं. उच्चार तोच. इंग्रजीत ती ॲनिटा हेली झाली. 'हे'मध्ये 'हाइ'चा भास राहिला, पण दुःख गेलं. हे लिप्यंतरातही जातं म्हणा. 'आइ' असं लिहून कोणाला काय कळणार? तळटीप द्यावीच लागेल.

प्रश्नकर्ती

मग नावं तशीच ठेवलेली बरी? 'डोरेमॉन' हिंदीतून आला तेव्हा नोबिता, शिझुका, सुनिओ तसेच राहिले आणि आमच्या सोसायटीतल्या पोरांचं काही अडलं नाही. देकिसुगी या नावातच 'जरा जास्तच चांगलं जमतं' अशी कोटी आहे हे मला कालच कळलं.

प्रतिसाद १

अमेरिकेत 2014 साली तोच नोबिता 'नोबी' झाला, शिझुका 'सू', जियान 'बिग जी', सुनिओ 'स्नीच'. देकिसुगीचा 'एस गुडी' केला, म्हणजे कोटी वाचवायचा प्रयत्न तरी आहे. पण नाव ऐकून दात शिवशिवतात.

प्रतिसाद ३

शब्द हवाय ना? तो घरातच आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहायचे, आठवतं? मुलगी तीच, नाव दुसरं. रान हे माहेरचं नाव, रेचेल सासरचं. माझ्या आजीला माहेरच्या नावाने हाक मारणारं शेवटी एकच माणूस उरलं होतं, तिचा धाकटा भाऊ.

प्रश्नकर्ती

हे आवडलं. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "पण शिनिचीचा जिमी झाला, तो काय घरजावई?"

प्रतिसाद १

मग व्हिएतनामचं ऐका. तिथे 1992 च्या आवृत्तीत सुनिओ 'सेको' होता, शिझुका 'सुका'. एक पिढी त्याच नावांवर वाढली. पुढे नव्या आवृत्तीत सगळी जपानी नावं परत आणली. म्हणजे सुका आणि सेको दोघंही माहेरी परतले.