गावच्या नामफलकावर फ्रेंडली फायरमध्ये गेलेल्या जवानाचं नाव कसं कोरावं?

पारावरचा

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. चावडीसमोर गावच्या सैनिकांचा नामफलक बसवायचं ग्रामसभेत ठरलंय. नावं पाच: १९६५ चं एक, १९७१ ची दोन आणि जम्मू-काश्मीरमधली, ऑपरेशन रक्षक या दहशतवादविरोधी मोहिमेतली दोन. या शेवटच्या दोघांपैकी एकाचा मृत्यू आपल्याच दुसऱ्या तुकडीच्या गोळीबारात झाला. रात्रीची वेळ, दोन तुकड्या समोरासमोर आल्या आणि ओळख पटली नाही. चौकशीत तशीच नोंद आहे, घरच्यांनाही माहीत आहे.

आता गावात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, चार नावं "वीरगती" खाली घ्या आणि पाचवं तळाशी "अपघाती निधन" म्हणून. दुसरा म्हणतो, पाचही जणांना सरसकट "शत्रूशी लढताना" लावून टाका, कोण विचारायला येतंय! त्या पाचव्या जवानाच्या वीरपत्नींचं म्हणणं एवढंच आहे की खोटं लिहू नका आणि वेगळंही काढू नका.

अशा मृत्यूला लष्कर नेमकं काय मानतं? फलकावर काय लिहावं, कागद कुठले लागतील? दगडाच्या कामाबद्दलही कुणाला माहिती असेल तर सांगा.

जुनी_फाइल

तुमच्या वीरपत्नींनी दोन वाक्यांत जे सांगितलंय तेच बरोबर आहे. पण ग्रामसभेत कागद लागतो, म्हणून कागदाचं सांगतो.

लष्करात "गोळी कुणाची" हा पहिला प्रश्न नसतो. जवान त्या वेळी कुठल्या कामावर, कुठल्या ऑपरेशनमध्ये होता हे आधी पाहतात. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात मृत्यू आणि अपंगत्वाचे ए ते ई असे पाच वर्ग केले आहेत. सर्वात वरचा ई. त्यात शत्रूची कारवाई आहेच, पण सीमेलगत आपल्याच सैन्याने पेरलेल्या सुरुंगक्षेत्रातला स्फोट, जिवंत दारूगोळा वापरून केलेल्या युद्धसरावातला मृत्यू आणि सरकारने खास अधिसूचित केलेल्या ऑपरेशनमधले मृत्यूही आहेत. म्हणजे शत्रूचाच हात लागला पाहिजे अशी अट नियमातच नाही. गावाने ती कुठून आणायची?

न्यायालयातही हे येऊन गेलंय. १९९१ साली ऑपरेशन रक्षकमध्ये सहकाऱ्याच्या गोळीने गेलेल्या जवानाच्या प्रकरणात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये केंद्राची याचिका फेटाळली. ऑपरेशनमध्ये तैनात असलेल्या सैनिकाला केवळ गोळी आपल्या माणसाची होती म्हणून लढाईतल्या मृत्यूचे लाभ नाकारता येणार नाहीत, असा तो निकाल.

आता तुम्ही करायचं काम. जवान ज्या रेजिमेंटचा, त्या रेकॉर्ड ऑफिसला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पत्र पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. पत्रात मागायच्या गोष्टी: सेवा क्रमांक, मृत्यूच्या वेळचा हुद्दा, युनिट, ऑपरेशनचं नाव, तारीख, ठिकाण आणि कॅज्युअल्टीचा (म्हणजे मृत्यूच्या नोंदीचा) प्रकार. पत्र गावाच्या नावाने न जाता वीरपत्नींच्या सहीने जाऊ दे, सोबत पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत. तिऱ्हाइताने मागितलं तर "वैयक्तिक माहिती" म्हणून परत येतं आणि दोन-तीन महिने फुकट जातात.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो, तोही घ्या. स्मारकाच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर नावं आहेत, २५ फेब्रुवारी २०१९ ला उद्घाटन झालं तेव्हा २५,९४२ होती. विटेवर नाव, हुद्दा, युनिट. मृत्यू कसा झाला ते कुणाच्याच विटेवर नाही. तुमच्या जवानाचं नाव तिथे सापडलं तर छापील पान ग्रामसभेत ठेवा, वाद तिथेच मिटेल. नाही सापडलं तर लगेच उलटा अर्थ काढू नका. शोधताना नावाचं इंग्रजी स्पेलिंग सर्व्हिस रेकॉर्डप्रमाणे टाकावं लागतं, आणि आपल्याकडे भरतीच्या वेळी आडनाव गाळणं, वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावणं सर्रास व्हायचं.

तोफखाना

जुनी_फाइल यांच्याशी सहमत. पूर्वीची उदाहरणं देतो, भाषणात उपयोगी पडतील.

पहिलं तर आपल्या नाशिकचंच. २७ फेब्रुवारी २०१९, सकाळी. पाकिस्तानी विमानांशी चकमक चालू असताना श्रीनगरहून उडालेलं हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. वैमानिकांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. हेलिकॉप्टर आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने पडलं. ते शत्रूचं नाही हे रडारला कळवणारी आयएफएफ यंत्रणा बंद होती आणि हवाई वाहतूक नियंत्रण व क्षेपणास्त्र तुकडी यांच्यात मेळ नव्हता. तेव्हाचे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ४ ऑक्टोबर २०१९ ला हे जाहीरपणे मान्य केलं, ही आपली मोठी चूक होती असं सांगितलं.

तारखांचा क्रम बघा. लष्करी इतमामात अंत्यसंस्कार मार्च २०१९ च्या सुरुवातीलाच झाले होते. चूक मान्य झाली ऑक्टोबरमध्ये. आणि त्यानंतर, २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला, दोन्ही स्क्वाड्रन लीडरना, मांडवगणे आणि सिद्धार्थ वशिष्ठ यांना, मरणोत्तर वायुसेना पदक (शौर्य) आणि बाकी चौघांना मेन्शन-इन-डिस्पॅचेस (कामगिरीचा अधिकृत गौरवपूर्ण उल्लेख) मिळालं. म्हणजे सगळं उघड झाल्यावरही सन्मान कमी केला नाही. जबाबदारी ठरवायची ती चौकशी आणि कोर्ट मार्शल वेगळ्या वाटेने चाललं. मृतांचा मान आणि चुकीची जबाबदारी या दोन फाइली वेगळ्या असतात, गावकरी त्या एकत्र बांधतात आणि तिथेच घोळ होतो.

दुसरं १९७१ चं. १० डिसेंबरला खुलन्याकडे निघालेल्या मुक्तिवाहिनीच्या 'पद्मा' आणि 'पलाश' या गनबोटींवर आपल्याच नॅट विमानांनी हल्ला केला. आपल्या नौदलाची 'पनवेल' सोबत होती. मोहिमेचे प्रमुख कमांडर सामंत, मराठी माणूस, पुढे महावीर चक्र. विमानांना ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली होती, तरी बॉम्ब पडले. 'पलाश'चे इंजिनरूम आर्टिफिसर रुहुल अमीन बोट सोडण्याचा हुकूम होऊनही इंजिन वाचवायला खाली थांबले. जखमी अवस्थेत काठाला लागल्यावर रझाकारांनी, म्हणजे पाकिस्तानच्या बाजूच्या स्थानिक सशस्त्र लोकांनी, त्यांना ठार केलं. बांगलादेशने त्यांना 'बीर श्रेष्ठ' दिलं. हा त्यांचा सर्वोच्च किताब, फक्त सात जणांना मिळालेला. बोट कुणाच्या बॉम्बने पेटली ते तिथे कुणी लपवत नाही. किताब जळत्या इंजिनरूममध्ये थांबण्याचा आहे.

"शत्रूशी लढताना" असं ठोकून देणाऱ्यांसाठी तिसरं उदाहरण. अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू पॅट टिलमन सैन्यात गेला आणि २२ एप्रिल २००४ ला अफगाणिस्तानात आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी मारला गेला. सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक देताना मानपत्रात शत्रूच्या माऱ्याचं वर्णन घातलं, घरच्यांना खरं कळलं सुमारे पाच आठवड्यांनी. २००७ च्या चौकशीत मानपत्र चुकीचं ठरलं. पदक कायम राहिलं, मजकूर मात्र नव्याने लिहावा लागला. तुमच्या गावात दगड आहे, तो नव्याने लिहिता येत नाही.

अवांतर: अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने लढाईदरम्यान फ्रेंडली फायरमध्ये मृत किंवा जखमी झालेल्यांनाही पर्पल हार्ट हे पदक मिळतं, तेही ७ डिसेंबर १९४१ पासूनच्या घटनांना.

सरळसोट

वरचं सगळं मान्य, पण मग फलकावर "आपल्याच गोळीबारात" असं स्पष्ट का लिहू नये? खरं तेच लिहायचं ना?

जुनी_फाइल

@सरळसोट, लिहायचं तर पाचही जणांचं लिहावं लागेल. १९६५ वाल्यांना तोफेचा गोळा लागला की रणगाडा पेटला, १९७१ च्या दोघांपैकी कुणी इस्पितळात गेलं का, हे कुणाकडे आहे? फक्त एकाच नावापुढे कारण लिहिलं की तो शेरा होतो. कॉमनवेल्थ युद्धकबरींवरही (खडकीला जाऊन बघा) हुद्दा, नाव, युनिट, तारीख असते, मरणाचं कारण नसतं.

खरी हकीकत ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आणि शाळेसाठी पुस्तिका काढणार असाल तर त्यात, घरच्यांच्या संमतीने, दोन-चार सरळ ओळींत लिहा. मारणाऱ्या तुकडीतल्या कुणाचं नाव नको.

पाचही नावांना एकच साचा:

वरती मथळा: देशसेवेत प्राणार्पण केलेले आपल्या गावचे सैनिक
मग प्रत्येकी: हुद्दा, पूर्ण नाव / युनिट / युद्ध किंवा ऑपरेशन / ठिकाण / तारीख

क्रम मृत्यूच्या तारखेने. हुद्द्याने लावलात तर सुभेदार वर, शिपाई खाली असा नवा वाद पुढच्या ग्रामसभेला तयार. पदक असेल तर नावापुढे, पण अधिकृत पदकच. "शौर्यवीर", "महावीर" अशी घरगुती विशेषणं नकोत, त्यांचा गोंधळ खऱ्या पदकांशी होतो.

छिन्नी

दगडाबद्दल.

काळा ग्रॅनाइट घ्या, जाडी किमान २० मिमी. ४ बाय ३ फुटांची फळी साधारण ६० किलो भरते, त्यामुळे नुसत्या सिमेंट मालावर चिकटवू नका. ऊन-पावसात माल सुटतो आणि तीन-चार पावसाळ्यांत फळी पुढे येते. चार कोपऱ्यांना स्टेनलेस स्टीलच्या पिना किंवा क्लॅम्प, मागे इपॉक्सी आणि कडेच्या सांध्यात सिलिकॉन. पाणी मागे मुरलं तर अक्षरांभोवती पांढरे डाग येतात, म्हणून खालच्या कडेला पाणी निघायला फट ठेवा.

नावाचं अक्षर ३० मिमी उंच, बाकी ओळी २० मिमी. खोली २ मिमीच्या खाली नको. अक्षरं सँडब्लास्टने (स्टेन्सिल लावून वाळूच्या झोताने) काढणार असाल तर जाड वळणाचा टाइप निवडा. देवनागरीत पहिले मरतात ते रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांची टोकं, बारीक टाइपात स्टेन्सिल तिथे उचकटतं आणि "र्के" चं "के" होतं. आडनावात रफार असला तर दहा वेळा बघा. सोनेरी रंगापेक्षा पांढरा टिकतो, सोनेरी दोन-तीन उन्हाळ्यांत काळपटतो.

प्रूफ मोबाइलवर बघून मंजूर करू नका. खऱ्या मापात कागदावर छापून भिंतीला लावा आणि पाचही घरच्या माणसांची त्यावर सही घ्या. आणि तळाशी तीन-चार नावांची जागा मोकळी ठेवा, बोलायला बरं वाटत नाही पण ठेवा.

पुतळ्याचा विचार कुणी काढला तर जिल्हाधिकारी कार्यालयाची मंजुरी लागते, तो वेगळा व्याप आहे.

पारावरचा

सर्वांचे आभार, पुष्कळ उलगडा झाला. एकसारखा साचाच ठरावात मांडतो. दोन शंका राहिल्या. उद्घाटनाला निवेदक काय बोलेल? आणि वीरपत्नींना स्पेशल फॅमिली पेन्शन मिळते, दुसऱ्या जवानाच्या घरी लिबरलाइज्ड आहे. यावरूनच पहिला तट म्हणतो की "बघा, सरकारनेच फरक केलाय".

तोफखाना

निवेदनाचा मजकूर लिहून द्या, ऐनवेळी सोडू नका. निवेदक माइकवर आला की "शत्रूच्या छाताडावर" वगैरे आपोआप सुरू होतं आणि समोर बसलेल्या घरच्यांना मान खाली घालावी लागते. प्रत्येक नावाला फलकावरचीच ओळ वाचायची आणि त्या-त्या युद्धाचं किंवा ऑपरेशनचं नाव घेऊन एवढंच म्हणायचं, जसं "ऑपरेशन रक्षकमध्ये कर्तव्य बजावताना". पाचही जणांना तीच चाल, तोच वेग.

क्रम असा: नावांचं वाचन, पुष्पचक्र, बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही धून, दोन मिनिटं मौन, बिगुलावरच 'राउज', मग राष्ट्रगीत. बिगुलवादकासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा जवळच्या एनसीसी बटालियनला महिनाभर आधी पत्र द्या. पहिलं पुष्पचक्र घरच्यांचं, पुढाऱ्यांचं नंतर. फलकावर तिरंगा पांघरून अनावरण करू नका, ध्वजसंहितेत ते बसत नाही. साधा भगवा किंवा पांढरा पडदा चालतो.

जुनी_फाइल

पेन्शनचा फरक हा तुमच्या ग्रामसभेचा निकष होऊच शकत नाही, पण तो तपासून घ्याच, कारण तिथे चूक असण्याची शक्यता आहे. स्पेशल म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के, लिबरलाइज्ड म्हणजे पूर्ण वेतनाइतकी. फरक पडतो तो मृत्यू सी वर्गात (कर्तव्यावरील अपघात) टाकला की ई वर्गात, यावर. अशा प्रकरणात युनिटने पहिल्या सिग्नलमध्ये (वर पाठवलेल्या संदेशात) "अपघाती गोळी" असं लिहिलेलं असतं, पुढचे सगळे कागद त्यावरच चालतात आणि ऑपरेशनचा उल्लेख मागे पडतो.

पीपीओवर पेन्शनचा प्रकार बघा. मग रेकॉर्ड ऑफिसकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या (लष्करी चौकशीच्या) निष्कर्षाची आणि कॅज्युअल्टी रिपोर्टची प्रत मागा. पत्राने नाही मिळाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. सुरक्षेचं कारण देऊन काही ओळी काळ्या करून देतील, पण तुम्हाला हवं ते ऑपरेशनचं नाव आणि "ऑन ड्यूटी" एवढंच. त्याच्या आधारे वर्ग बदलून मिळावा असा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला. नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ.

न्यायाधिकरणात जायची मुदत सहा महिन्यांची आहे, पण पेन्शन दर महिन्याला कमी मिळते म्हणून उशीर माफ होऊ शकतो. थकबाकी मात्र साधारणपणे अर्जाच्या मागच्या तीन वर्षांचीच देतात. त्यामुळे फलकाची वाट न पाहता हा अर्ज आधी टाका.