जुनी लोहारी भट्टी: भात्याचा वारा मागे जातो, परातीला भेग

प्रश्न (देवगड): जाळ धरणारी परात बिडाची (ओतीव लोखंडाची), वारा घालणारा भाता चामड्याचा. अर्धा वारा मागेच निसटतो. परातीला केसाएवढी भेग आहे, वेल्ड करू का?

उत्तर: नको. साध्या रॉडने बीड शेजारी पुन्हा तडकतं. भेगेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडा, ती पुढे सरकणार नाही. वर इंचभर अस्तर: 2 भाग चिकणमाती, 1 भाग चाळलेली नदीची रेती, मूठभर राख. किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, मीठ लोखंड खातं. आठवडाभर सावलीत सुकवा, मग लाकडाचा मंद जाळ. घाई केलीत तर वाफेने पापुद्रे उडतील.

दुसरं उत्तर: वारा मागे जातो म्हणजे बहुधा भात्याची झडप (वारा मागे जाऊ न देणारी) नीट बसत नाही. बुरशी पुसून चामड्याला कोमट एरंडेल चोळा, झडपेचं चामडं कडक असेल तर बदलाच. त्याआधी दगडी कोळसा पेटवू नका. भाता थांबला की कोळशाचा गॅस आत शिरतो आणि पुढच्या दाबाला भडकून भाता फाटतो.

प्रश्नकर्ता: भात्यातून जाळात वारा नेणाऱ्या नळीला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप चालेल?

उत्तर: नाही! जस्ताचा धूर विषारी. काळा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप घ्या.