अनुभव धागा : ड्रम कोरचे सर बदलतात तेव्हा तुमच्याकडे काय झालं?

फिशर्सकर:
ऑगस्टचा दुसरा शनिवार झाला की आमच्या घरात दरवर्षी हेच. इंडियानापोलिसला ल्यूकस ऑइल स्टेडियममधे डीसीआयची (ड्रम कोर इंटरनॅशनल, ड्रम कोरची मोठी स्पर्धा) फायनल होते, आम्ही रात्री बारा-एकला घरी येतो आणि सोमवारपासून लेकाचा फोन टुंग टुंग सुरू. अमक्या कोरचे ब्रासवाले सर गेले, तमक्याची अख्खी पर्कशन टीम तिसऱ्यानेच पळवली, सोयरीक कुठे जुळली नि कुठे मोडली याच्या बातम्या याव्यात तसं चालू असतं ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेलिंगमधे पी आणि एस असले तरी दोन्ही गिळायचे, म्हणायचं 'कोर'. शाळेच्या मार्चिंग बँडचा कडक थोरला भाऊ समजा. बावीसच्या आतली दीडशेच्या वर पोरं, ब्रास, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड, सनई-बासरीच्या जातीचं वाद्य एकही नाही. मे-जूनमधे कुठल्यातरी कॉलेजच्या मैदानावर उन्हात दिवसाचे बारा तास सराव, मग ऑगस्टपर्यंत बसने देशभर, झोपायला शाळांच्या जिमची फरशी. हे सगळं दहा-बारा मिनिटांच्या एका शोसाठी.

माझा लेक बास ड्रमला, तीन नंबर. पाच जणांनी मिळून एक वाक्य बोलायचं आणि प्रत्येकाने त्यातलं एकेक अक्षर, असं ते वाजवणं असतं. शेजारच्याचा श्वास कळावा लागतो म्हणतो तो. गेल्या हिवाळ्यात त्यांचे ड्रमचे मुख्य सर (इथे कॅप्शन हेड म्हणतात) सरावाचे दोन कॅम्प झाल्यावर दुसरीकडे गेले. फी भरून झालेली, विमानाची तिकिटं काढलेली. नव्या सरांनी पाचही जागा परत ऑडिशनला टाकल्या. लेकाची राहिली पण त्याच्या शेजारचा चार नंबर गेला, दोन वर्षं बसमधे एकाच सीटवर झोपलेली पोरं ही. मला फोनवर नुसतं "ठीक आहे गं" म्हणाला.

तर तुमच्याकडे असं झालंय का? पोरांचं काय झालं, तुमचं काय झालं, आणि मुख्य म्हणजे हा प्रकार अजून दहा वर्षं टिकेल असं वाटतं का? बेधडक लिहा, कोरचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल.

डावा_हात:
मी स्वतः वाजवलंय, स्नेअर (दोन काठ्यांनी वाजवायचा छोटा ड्रम), तीन उन्हाळे, आता वयात बसत नाही. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी सर बदलले. आधीचे सर मनगटवाले, काठी किती वर जाते ते इंचात मोजायचे, तीन म्हणजे तीन, एका पोराच्या मागे उभं राहून त्यांनी खरंच पट्टी धरलेली मी बघितलीय. नवीन सर आले ते म्हणाले दंड मोकळा सोडा, आवाज खांद्यातून येऊ दे. ऐकायला सोपं वाटतं पण दोन वर्षं जे स्नायूंना शिकवलं ते आता विसरायचं. पहिल्या कॅम्पला दोन दिवस फक्त 'एट्स', उजव्याने आठ डाव्याने आठ, उजव्याने आठ डाव्याने आठ, मेट्रोनोम स्पीकरवर टक टक टक, आणि ते हातांकडे बघतच नव्हते, डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी माझा डावा अंगठा आतून सोलला होता.

निम्मी लाइन (म्हणजे ड्रम वाजवणारी पोरं) आधीच्या सरांच्या मागे निघून गेली हे आमच्यात कॉमन आहे, लोक कोरसाठी कमी आणि सरांसाठी जास्त ऑडिशन देतात हे कोणी तोंडावर म्हणत नाही. मी राहिलो. त्या वर्षी आम्ही घसरलो. पण खरं सांगू, आज मी हायस्कूलच्या पोरांना शिकवतो ते त्या दुसऱ्या सरांचंच शिकवतो.

रॉकफोर्डची_सून:
मी स्वयंपाकाच्या ट्रकवर दोन आठवडे व्हॉलंटियर होते त्यामुळे माझा अनुभव कांदे कापण्याच्या लेव्हलचा आहे 😀 दिवसाला चार जेवणं, पोरं, शिक्षक, ड्रायव्हर धरून एका वेळेला दोनशे ताटं. रात्री शो झाला की अकराला चौथं जेवण, मग भांडी, मग बस निघते आणि पहाटे नवीन गावी पुन्हा नाश्ता.

सर जाणार हे आम्हाला ट्रकवाल्यांना आधी कळलं होतं. कसं? स्टाफचं टेबल. आधी सगळे एकत्र बसायचे, जुलैच्या मध्यावर तिथे दोन टेबलं झाली. एक ब्रासवाले सर तर ताट घेऊन सामानाच्या ट्रेलरमागे उभ्याने खायला लागले. आमच्या म्होरक्या आजी (वय सत्तर, सतरावा उन्हाळा) कलिंगड चिरता चिरता म्हणाल्या, हा काही पुढच्या वर्षी दिसत नाही. सप्टेंबरात अनाउन्समेंट.

निनावी_बाबा:
स्पष्ट लिहितो, राग नको. पाच-सहा हजार डॉलर फी भरायची, वर विमान, वर बूट-ग्लोव्हज, पोरगं उन्हाळ्यात इंटर्नशिप करत नाही, आणि सर मधेच सोडून जातात. उद्या असं एखाद्या क्लासने केलं असतं तर आपण पैसे परत मागितले असते ना? इथे सगळे "फॅमिली फॅमिली" करतात आणि गप्प बसतात.

डावा_हात:
@निनावी_बाबा पैशाचं बरोबर आहे तुमचं. माझ्या लाइनमधला सगळ्यात भारी वाजवणारा मुलगा फी जमली नाही म्हणून दुसऱ्या वर्षी आला नाही. त्याचं मला सर गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

मॅडिसन८५:
मी इथे बहुतेक सगळ्यात म्हातारा. १९८५ ला मॅडिसनला एमएस करत होतो, खिशात पैसे नाहीत, रूममेट आयोवाचा, तो म्हणाला चल स्टेडियमवर बँड बघू. मला वाटलं पोलीस बँड असेल, आपल्याकडे २६ जानेवारीला असतो तसा. कॅम्प रँडल स्टेडियम, डीसीआयची फायनल. गार्फील्ड कॅडेट्स त्या रात्री लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकले. रांगा सरळ चालायच्या ऐवजी वितळल्यासारख्या वाकायच्या, कुठून काय निघेल पत्ता नाही. त्याच रात्री स्टार ऑफ इंडियाना नावाचं पोरसवदा कोरही होतं, पहिल्याच वर्षी थेट पहिल्या बारात.

आता सर बदलण्याचं सांगतो. कॅडेट्सची ती वाकडी ड्रिल (कोणी मैदानावर कसं, कुठे चालायचं त्याची आखणी) लिहिणारे जॉर्ज झिंगाली पुढे स्टारकडे गेले. १९९१ ला स्टार जिंकलं, त्या ड्रिलमधे एक क्रॉस आतल्या आत उलटून दुसरा क्रॉस होतो, आजही माणसं ते बघून गप्प होतात. म्हणजे पळवापळवी तेव्हाही होतीच, फक्त तेव्हा फोन टुंग टुंग वाजत नव्हता. आणि १९९३ नंतर स्टारने स्पर्धाच सोडली, रंगमंचाकडे वळले. मी तेव्हाही म्हणालो होतो, संपलं हे सगळं. मग २००० ला जुनी जी स्वराची बिगुलं सोडून कुठल्याही स्वराची ब्रास चालेल असं झालं तेव्हा म्हणालो संपलं. २००४ ला मायक्रोफोन आले तेव्हा, २००९ ला सिंथेसायझर आला तेव्हा, २०१४ ला ट्रॉम्बोन दिसला तेव्हा. बायको म्हणते तुमचं 'संपलं' संपतच नाही.

पण जानेवारी २०२४ ला मी काहीच बोललो नाही. कॅडेट्स बंद झाले. १९३४ साली न्यू जर्सीतल्या एका चर्चमधे सुरू झालेलं, दहा वेळा जिंकलेलं. २०१८ ला त्यांच्या प्रमुखांवर अनेक बायकांनी आरोप केले, पेपरात आलं, त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर १९८०च्या दशकातल्या अत्याचाराच्या आरोपावरून कोर्टात दावा आला आणि तो खर्च संस्थेला झेपला नाही. आता इथे मला नीट लिहायचंय, कारण काही जण लिहितात की त्या दाव्याने कोर मारलं. दावा करणाऱ्याने नाही मारलं. मी ज्या काळातल्या ड्रिलला उभं राहून टाळ्या वाजवल्या त्याच काळातला हा आरोप आहे आणि तेव्हापासून माझ्याकडचा कॅडेट्सचा मरून टीशर्ट मी घातला नाही, टाकलाही नाही, कपाटात खाली आहे.

सर सोडून गेले म्हणून पोरं रडतात ते मी समजू शकतो. पण सर वीस-वीस वर्षं हललेच नाहीत, त्यांना विचारणारं कोणी नव्हतं, त्याचं काय होतं ते पण बघितलंय.

फिशर्सकर:
@मॅडिसन८५ काका, हे लिहिल्याबद्दल थँक्यू. आमच्या कोरमधे आता मोठ्या माणसाने एकट्या पोराशी मेसेजवर बोलायचं नाही, गटात दुसरा मोठा माणूस हवाच असा नियम आहे, सुरुवातीला मला तो जरा जास्तच वाटला होता. आता नाही वाटत.

ताशा_सनीवेल:
पुण्यात सात वर्षं पथकात ताशा, आता बे एरियात. त्यामुळे हे सगळं वाचून मला घरी आल्यासारखं वाटतंय 😂 आमच्याकडे प्रमुखांचं आणि दुसऱ्या दादांचं वाजलं, दादा चाळीस वादक घेऊन बाहेर पडले आणि पुढच्या गणपतीत नवीन पथक, नवीन ध्वज, तेच हात. नदीपात्रात दोन्हीकडचा सराव एकाच वेळी, पन्नास फुटांवर, एकमेकांकडे न बघता. फरक एवढाच की आमच्याकडे फी नव्हती.

इथे सांता क्लारा व्हॅनगार्ड माझ्या घराजवळचं. १९६७ पासूनचं, २०१८ चे विजेते, आणि २०२३ ला पैशांचं गणित बसेना म्हणून तो उन्हाळा मैदानात उतरलेच नाहीत. २०२४ ला परत आले. मधल्या वर्षात त्यांची पोरं आणि सर इतर कोरमधे विखुरली, मला वाटलं होतं आता कसले जमतात. हे लोक बिंगोवर पैसे उभे करायचे हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे म्हाताऱ्या बायका आकडे खोडतायत आणि त्यातून तुतारीचं तेल येतंय. आपण वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरतो त्यातलाच प्रकार.

टिकेल का विचारताय तर, ज्याची सवय फरशीवर झोपायची आहे तो प्रकार मरत नाही. पण मोठा मात्र राहणार नाही असं वाटतं. माझ्या ओळखीतली पोरं आता हिवाळ्यातल्या इनडोअर ड्रमलाइनकडे वळतायत, घर सोडावं लागत नाही, शनिवार-रविवार सराव आणि एप्रिलमधे डेटनला फायनल.

नॅशुआची_मावशी:
सगळे रडगाणं गातायत म्हणून मी उलटं लिहिते. मी बॉस्टन क्रुसेडर्सवाली, पोरं नाहीत, नुसती फॅन. २०१६ ला आम्ही बारावे, म्हणजे फायनलच्या दारात कसेबसे. मग त्या हिवाळ्यात नवीन डिझाइन टीम आली, ब्रासचे आणि ड्रमचे सर तर कॅडेट्सकडून आले. २०१७ ला थेट सहावे. तेव्हा लोकांनी किती शिव्या घातल्या, विकत घेतलं म्हणून. घ्या ना, आणि मग आठ वर्षं टिकवून दाखवा. मधे कधी दुसरे, तिसरे, परत दुसरे. २०२५ ला पहिलं विजेतेपद, १९४० ला सुरू झालेल्या कोरचं! मी फ्लोमार्चिंगवर (ऑनलाइन) बघत होते, निकालाला आमचं इंटरनेट अडकलं, स्क्रीनवर गोल गोल फिरतंय आणि शेजारच्या बाईंचा किंचाळण्याचा आवाज आधी आला.

फक्त एक कबूल करते. आम्ही आनंदात होतो तेव्हा ज्यांचे सर गेले ती पोरंही कुठेतरी फोन बघत असणार. तेव्हा हा विचार डोक्यात आला नव्हता.

टेकची_आई:
माझी मुलगी शिकवणाऱ्यांच्या बाजूची आहे, वाचून लिहावंसं वाटलं. सर म्हणजे कोणी लाखो कमावणारा नाही हो. मुलगी मैदानावर उभं राहून कलर गार्डला शिकवते, दिवसभर कंबरेला स्पीकरचा माइक, गळ्यात टॉवेल, पोरं 'सेट'वर (मैदानावरच्या ठरलेल्या जागेवर) परत धावत जातात तेवढ्या वेळात पाणी. झोप त्याच फरशीवर. उन्हाळ्याचं मानधन तिने हिशोब करून बघितलं तर तासाला कॉफीचे पैसे निघाले. एरवी ती शाळेत नोकरी करते, बरेच जण तेच करतात, ऑगस्टला शाळा सुरू होते म्हणून शेवटच्या आठवड्यात विमानाने ये-जा.

गेल्या वर्षी तिने कोर बदललं. कारण विचाराल तर दुसऱ्यांनी विमानाचं तिकीट द्यायचं कबूल केलं. एवढंच. तिकडे लोकांनी लिहिलं, गद्दार, पैशासाठी गेली. मी ते वाचलं आणि तिला सांगितलं नाही, तिने आधीच वाचलं होतं.

निनावी_बाबा:
@टेकची_आई हे मला खरंच माहीत नव्हतं. मग फी जाते कुठे?

टेकची_आई:
बस, डिझेल, जेवण, मैदानांचं भाडं, विमा. तिने एकदा सांगितलं होतं, बस आणि डिझेलचा आकडा ऐकून मीच गप्प झाले.

फिशर्सकर:
अपडेट देते. लेकाला त्याच्या आधीच्या सरांचा मेसेज आला (गटात, दोन मोठी माणसं धरून 🙂), नवीन ठिकाणी ये म्हणून. आणि गेलेला तो चार नंबरही तिथेच ऑडिशन देतोय. पोरगा आठवडाभर काही बोलला नाही. काल रात्री गॅरेजमधून प्रॅक्टिस पॅडचा आवाज यायला लागला, मी दार उघडून बघितलं तर फोन डब्याला टेकवून व्हिडिओ करत होता. कुठल्या कोरचं पॅकेट (ऑडिशनला वाजवायचं संगीत) आहे विचारलं तर म्हणाला दोन्हीचं वाजवून बघतोय, नंतर ठरवतो.

डिसेंबरातला कॅम्प डॅलसजवळ आहे. @डावा_हात तुम्ही तिकडेच राहता ना? शुक्रवारी रात्रीची फ्लाइट उशिरा पोचते, एका रात्रीची सोय झाली तर बघा. स्लीपिंग बॅग त्याची आहे, जमीन चालते. शाकाहारी आहे पण अंडं खातो.