कंत्राट दिलं की भागतं?

सरकारी आयटीवाले कमी केले तरी कंपनीला कंत्राट देऊन भागतं, असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. अमेरिकेत १ मार्च २०२५ ला बंद केलेल्या '१८एफ' या सरकारी आयटी चमूचं एक मोठं काम म्हणजे खात्यांना कंत्राटं नीट द्यायला आणि कंपन्यांचं काम तपासून घ्यायला मदत करणं. तेच घालवलं! आणि 'डिजिटल सर्व्हिस' या तिथल्याच दुसऱ्या सरकारी आयटी चमूच्या २१ जणांनी तर त्याआधीच, २५ फेब्रुवारीला, एकत्र राजीनामे दिले. त्यांना कुणी काढलं नव्हतं.

इकडं करवीर तालुक्यात आमच्या ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक मानधन रखडतंय म्हणून शिरोली एमआयडीसीत गेला. नवीन पोरगं हुशार आहे, पण कुठल्या घराची नोंद कुणाच्या नावावर अडकलीय ते जुन्यालाच ठाऊक. नमुना आठच्या, म्हणजे घराच्या नोंदीच्या उताऱ्यासाठी लोक संध्याकाळी जुन्याच्याच दारात, आणि तो फुकटात सांगतोय.