मदत हवी आहे: ज्याँ गाबाँचे १९४६ ते ५३ मधले सिनेमे

नमस्कार मंडळी, जुन्या फ्रेंच सिनेमाचे जाणकार कुणी असाल तर जरा मदत करा.

आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात जाक बेकेरचा 'तुशे पा ओ ग्रिझ्बी' (१९५४) दाखवणारेत आणि त्याआधी त्यातला नायक, फ्रेंच नट ज्याँ गाबाँ, याच्यावर थोडं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. युद्धाआधीचा गाबाँ बऱ्यापैकी माहितीये, 'पेपे ल मोको', रन्वारचा 'ला ग्रांद इल्युझियाँ', कार्नेचा 'ल जूर स लेव्ह', सगळे १९३७ ते ३९ मधले, कधी कामगार कधी सैनिक कधी फरार चोर, आणि शेवटी बहुतेक वेळा मरणारच. मग १९४१ला हॉलिवूड, तिथे दोन सिनेमे केले ते काही चालले नाहीत, नटी मार्लीन डीट्रिशबरोबरचं प्रेमप्रकरण, आणि मग चाळिशीला टेकलेला हा बाबा चक्क जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत, जनरल लक्लेर्कच्या डिव्हिजनमध्ये रणगाड्याचा कमांडर! परत आला तो केस पांढरे करून.

इथून पुढे माझी गाडी अडते. जिथे बघावं तिथे एवढंच, की १९४६चा डीट्रिशबरोबरचा 'मार्ताँ रुमान्याक' आपटला आणि नंतर थेट 'ग्रिझ्बी'ने तारलं. अहो पण मधे रने क्लेमाँचा 'ओ-दला दे ग्रीय' (१९४९) आहे, त्याला मानद ऑस्कर मिळालंय, ओफ्यूल्सचा 'ल प्लेझीर' (१९५२) आहे, त्यात हा गावाकडचा सुतार. पडता काळ म्हणावा अशी नावं वाटतात का ही? मला आपलं वाटतं की लोकांना तो जुना तरणाबांड गाबाँच हवा होता आणि पांढऱ्या केसांच्या माणसासाठी रोल कुणी लिहीतच नव्हतं. 'ग्रिझ्बी'त बघा, लपायच्या फ्लॅटवर तो मित्राला टोस्ट आणि पाते (मांसाचं वाटण) खायला घालतो, वाइन ओततो, त्याच्या हातात पायजमा ठेवतो आणि मग निवांत दात घासतो, आणि हा म्हणे गँगस्टरपट. थकलेलं वयच रोल झालंय तिथे.

तर हे माझं लॉजिक बरोबर आहे की दुसरं काही कारण होतं, आणि या मधल्या वर्षांतला एकच बघायचा तर कुठला? नंतरचे, म्हणजे इन्स्पेक्टर मेग्रेचे आणि नट आलाँ दलाँबरोबरचे, नकोत, ते पाहिलेत. इंग्रजी सबटायटल मात्र लागतील, माझं फ्रेंच बोंजूरच्या पुढे जात नाही.